पुण्याच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र: या शहरात जुने सिनेमे बघायला एक तरी पडदा द्या

पुण्याचे सगळे नगरसेवक, आमदार आणि खासदार यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे पण मुद्दाम सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय. आमच्या भागातल्या एका जुन्या थिएटरला पत्रे लागलेत. आधी शो कमी झाले, मग फक्त शनिवार-रविवार, मग गेटला कुलूप, आणि आता हिरव्या जाळीच्या आड तोडफोड चालू आहे. थिएटरचं नाव मी घेणार नाही कारण मालकावर माझा राग नाहीये, त्याने जमेल तितकी वर्षं ते चालवलं. पण आजूबाजूला कुणाला काही वाटलंय असं दिसलं नाही, एकाही राजकीय पक्षाने त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि मला हे गप्प बसून बघवत नाहीये.

मी पेठेत वाढले. माझं सिनेमाचं सगळं शिक्षण मॅटिनीत झालं. आजच्या मुलांना मॅटिनी म्हणजे काय ते सांगावं लागतं म्हणून सांगते, दुपारी बाराचा शो, तिकीट कमी, आणि पडद्यावर नवा सिनेमा नसून दहा-वीस-तीस वर्षांपूर्वीचा. माझे वडील पोस्टात होते, नव्या सिनेमाला चौघांना घेऊन जाणं त्यांना परवडायचं नाही पण मॅटिनीला जमायचं. त्यामुळे जे सिनेमे माझ्या जन्माआधी येऊन गेले ते मी मोठ्या पडद्यावर, भरलेल्या थिएटरात, शिट्ट्या आणि रडण्यासकट बघितले. आई आणि तिच्या मैत्रिणी सकाळचा स्वयंपाक आटपून, डबा भरून निघायच्या. शेजारच्या काकू कधी एकट्या भाजीलाही गेल्या नसतील पण मॅटिनीला एकट्या जायच्या. बायकांना घराबाहेर तीन तास निवांत बसायची ती जागा होती, हे आता कुणी बोलत नाही. रीळ बदलताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल टिपका यायचा, त्याच्यावर माझा भाऊ टपून बसलेला असायचा आणि टिपका आला की मला कोपर मारायचा. ऑपरेटरने दुसरं मशीन वेळेवर चालू केलं तर कुणाला काही कळायचं नाही, उशीर झाला की सगळं थिएटर ओरडायचं.

हे सगळं आठवणीत रमायला सांगत नाहीये. मुद्दा असा की ज्याच्याकडे पैसे कमी होते त्यालाही जुना चांगला सिनेमा बघायला मिळत होता आणि त्यासाठी कुठल्या क्लबचा मेंबर व्हावं लागत नव्हतं की इंग्रजी यावं लागत नव्हतं. ती सोय या शहरातून गेली आणि तिच्या जागी दुसरी कुठली आली नाही.

आता पुणं म्हणजे सिनेमाच्या बाबतीत कुठलं गाव आहे ते बघा. प्रभात कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्यात आली. तिचा स्टुडिओ जिथे होता तिथे 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट झाली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासून. म्हणजे देशातले सिनेमे जपून ठेवायची जागा पुण्यात, सिनेमा शिकवायची जागा पुण्यात, आणि मराठी सिनेमा ज्यांनी उभा केला त्यांचा स्टुडिओही पुण्यात. हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य घालवून इथे एकेक रीळ गोळा केलं, ते कुणासाठी? कपाटात नीट राहावीत एवढ्यासाठी नाही ना. एखाद्या शाळेतल्या मास्तरांनी किंवा रिक्षावाल्याने ठरवलं की या आठवड्यात मला पन्नास सालातला एखादा मराठी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचाय, तर तो कुठे जाईल, हे मला तुमच्यापैकी कुणीतरी सांगा. संग्रहालयात कार्यक्रम होतात, चांगले होतात, मी जाते. पण ती केंद्र सरकारची संस्था आहे, 2022 पासून एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेली, आणि देशभराचा ठेवा सांभाळणं हे तिचं काम आहे. पुणेकरांना दर आठवड्याला सिनेमा दाखवायची जबाबदारी सगळीच्या सगळी तिच्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही, ती शहराची पण आहे.

आणि जपलेलं कायम टिकतं असंही नाही. 2003 च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या रिळांच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातला न भरून येणारा ठेवा त्यात गेला. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवता येत नाही. त्या आगीची आठवण पुण्यात किती लोकांना आहे? जे कधी डोळ्यांनी बघितलंच नाही ते गेल्याचं दुःख कुणाला होणार. म्हणून दाखवणं हे जपण्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

लगेच कुणीतरी म्हणणार, ताई यूट्यूबवर आहे की सगळं. आहे. कडेला तीन-तीन कंपन्यांचे शिक्के मारलेलं, चेहरे धुतल्यासारखे पांढरे झालेलं, मध्येच गाणं कापलेलं, आणि मोबाइलवर. आमचा एक छोटा ग्रुप आहे, अधूनमधून आम्ही एखादा हॉल मिळवून सिनेमे दाखवतो, त्यातला एक अनुभव सांगते. संत तुकाराम लावला होता. 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा, इथे पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत झालेला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचं कौतुक झालं तो. बऱ्याच जणांनी तो टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला होता. त्यात आवलीचा मुलगा आजारी पडतो आणि ती त्याला घेऊन देवळात जाते, हातात पायताण घेऊन, विठोबालाच जाब विचारायला. घरी बघताना त्या प्रसंगाला आपण हसतो. हॉलमध्ये पण लोक आधी हसले. मग तिचा चेहरा मोठा दिसायला लागला, दमलेली, चिडलेली, घाबरलेली बाई, आणि हसणं हळूहळू थांबलं. माझ्या पुढच्या रांगेत धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका होत्या, आमच्याच सोसायटीत येतात, त्यांना मीच बोलावलं होतं. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ही खरी बाई आहे गं." सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं पुढचा कधी, आणि माझ्याकडे सांगायला तारीख नव्हती, कारण पुढच्या वेळी हॉल मिळणार की नाही हेच आम्हाला माहीत नव्हतं.

तो हॉल मिळवण्याची गोष्टही सांगायलाच हवी. शहरातल्या एका सभागृहाच्या ऑफिसात आम्ही गेलो, परत, नाव नको. तिथे आधी सांगितलं सिनेमाला हॉल देत नाही. मग सांगितलं देतो पण कमर्शियल रेट लागेल. आम्ही म्हटलं तिकीट नाही, प्रवेश फुकट आहे, तर म्हणे तरी सिनेमा म्हटला की कमर्शियल. मग पोलिसांची परवानगी आणा, सर्टिफिकेट आणा, प्रोजेक्टर तुमचा, पडदा तुमचा, साउंडला हात लावायचा नाही. भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर भाषणांचे फोटो दाखवतात त्याच्यावर सिनेमा लावला तर अर्धा काळोखात जातो, म्हणून भाड्याने आणला. एवढं करून जेव्हा शो झाला तेव्हा हॉलच्या शिपाईमामांनी सगळा सिनेमा दारात उभं राहून बघितला आणि आम्हाला चहा पाजला. म्हणजे माणसं वाईट नाहीयेत. अशा कार्यक्रमासाठी नियमात जागाच नाही, त्यामुळे खुर्चीवरचा माणूस नाही म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही हो म्हणणं अवघडच गेलं असतं.

आपल्याकडे सिनेमा दाखवण्याचा मूळ कायदा 1953 चा आहे. तेव्हा तो कडक असणं बरोबरच होतं, पेट घेणारी फिल्म, तापणारी कार्बनची मशीन, हजार माणसं एका छपराखाली. आज सिनेमा हार्ड डिस्कवर येतो. ऐंशी खुर्च्यांच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवणं आणि हजार सीटचं थिएटर रोज चार शो चालवणं या दोन गोष्टींना एकाच तऱ्हेच्या परवान्यांच्या रांगेत उभं करायचं कारण काय? आग आणि बाहेर पडायच्या वाटा याची तपासणी व्हायलाच पाहिजे, त्यात सूट मागत नाहीये. बाकीची कागदपत्रं एका अर्जात बसवा.

आता थिएटरांबद्दल. पुण्यात अजून लोक पत्ता सांगताना थिएटरचं नाव सांगतात, अलका टॉकीज चौक, विजय टॉकीजपाशी, आणि त्यातली काही थिएटरं सुदैवाने चालू पण आहेत. पण गेलेली बघा. मंडईजवळ आर्यन होतं, गंगाधरपंत पाठकांनी 1915 साली सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं थिएटर. ऐंशीच्या दशकात ते गेलं आणि त्या जागी वाहनतळ झालं. आता तिथे शेजारीच मेट्रोचं मंडई स्टेशन झालंय, हजारो लोक रोज तिथून वर येतात, आणि आपण देशातल्या फार जुन्या थिएटरांपैकी एकाच्या जागेवर उभे आहोत हे सांगणारी मोठी, नजरेत भरणारी पाटी मला तरी तिथे दिसलेली नाही. डेक्कनचं नटराज गेलं, मॉल आला. भानुविलास गेलं. अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात 1934 चं, मराठी सिनेमाचं हक्काचं घर, 2014 च्या शेवटी भाडेकरार संपल्यावर ते मूळ मालकांकडे गेलं, आणि नशीब की त्यांनी ते पाडलं नाही, किबे लक्ष्मी म्हणून पुन्हा उघडलं. म्हणजे मालकाच्या मनात असेल तर थिएटर राहू शकतं. पण एका मालकाच्या मनावर शहराने किती वर्षं विसंबून राहायचं?

सिंगल स्क्रीन, म्हणजे एकाच पडद्याची थिएटरं, का मरतात हे काही गूढ नाहीये. मोक्याची जागा, जमिनीचा भाव आकाशाला, आणि वर हजार खुर्च्यांत चाळीस माणसं. एसी लावायचा, डिजिटल प्रोजेक्टर घ्यायचा, मिळकत कर भरायचा, वीज कमर्शियल दराची. नव्या मल्टिप्लेक्सना राज्य सरकारने 2001 च्या सुमारास करमणूक करात काही वर्षांची सूट दिली होती, त्याच्या जोरावर ते उभे राहिले. चांगलं झालं, मी पण तिथे सिनेमे बघते. पण आधीपासून उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा कुणी हात दिला नाही. आता तिकिटावरचा जीएसटी शंभर रुपयांच्या आत असेल तर 2025 च्या सप्टेंबरपासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्याचा खरा फायदा व्हायचा तर शंभरच्या आत तिकीट ठेवणारी थिएटरं जिवंत पाहिजेत ना. मल्टिप्लेक्सला चौघं गेली की तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग मिळून हजार-दीड हजार सहज जातात. माझे पोस्टातले वडील आज असते तर आम्ही सिनेमा बघितला नसता.

मुंबईच्या विकास नियमावलीत जुन्या थिएटरच्या जागेवर नवी इमारत झाली तर काही खुर्च्यांचं थिएटर ठेवायची अट आहे. पुण्यात जी जी थिएटरं पाडली गेली किंवा आत्ता पाडतायत तिथे काय ठरलंय हे सामान्य माणसाला कळायला काही मार्ग नाही. पत्र्यावर बिल्डरचं नाव असतं, फ्लॅटचे फोटो असतात. थिएटर राहणार आहे का, किती सीटचं, कधी उघडणार, याचा पत्ता नसतो. आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ विकला गेल्याचं बाहेर आलं तेव्हा 2022 साली लोक रस्त्यावर उतरले, पण तोवर व्यवहार होऊन गेलेला होता.

महोत्सवाचं बोलते. पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2002 पासून चालू आहे, डॉ. जब्बार पटेल आणि त्यांच्या लोकांनी ते नेटाने चालवलं, राज्य सरकारचा त्याला पाठिंबा आहे. जानेवारीत रांगेत उभं राहून, थंडीत स्वेटर घालून, एका दिवसात चार सिनेमे बघणारी जी कॉलेजची मुलं दिसतात ना, ती बघून मला भरून येतं. त्या महोत्सवाबद्दल माझी तक्रार नाही, तो आहे म्हणून आपण आहोत. तक्रार अशी की तो आठवडा संपला की काय? उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत त्या मुलांनी काय करायचं? आशयसारख्या फिल्म सोसायट्या वर्षानुवर्षं पदरमोड करून सिनेमे दाखवत आल्या, पण त्यांचा जोर मेंबरांच्या वर्गणीवर. महोत्सवाला मल्टिप्लेक्सचे पडदे भाड्याने घ्यावे लागतात, कारण शहराचा स्वतःचा सिनेमाचा पडदा नाही. आणि हडपसर, येरवडा, धायरी, कात्रज इथल्या मुलांना यातलं काही पोचत नाही, सगळं कोथरूड-डेक्कन-सेनापती बापट रोडच्या पट्ट्यात. धायरीच्या मुलाला रात्रीचा शो संपल्यावर घरी जायला बस नसते, मग तो रात्रीचा शो बघतच नाही.

लोक येत नाहीत हे कारण मला सांगू नका. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अमिताभचे जुने सिनेमे 17 शहरांत लावले, लोक थिएटरात नाचले. तुंबाड 2018 ला आला तेव्हा थोडक्यात आटपला आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तर त्याने पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला लोक पैसे देऊन येतात हे मोठ्या कंपन्यांना कळलं. पण त्या कंपन्या जे चालणार तेच लावतील, त्यांचा तो धंदा आहे. चाळीस सालचा मराठी सिनेमा, सत्तर सालचा समांतर सिनेमा, इराणचा, बंगालचा, मल्याळमचा सिनेमा त्या कधी लावणार नाहीत. तो लावायला सार्वजनिक पैशाची जागा लागते, जसं सार्वजनिक वाचनालय लागतं.

आणि अशा जागा आपल्याच देशात आहेत. कोलकात्यात राज्य सरकारने 1985 मध्ये नंदन उभारलं, उद्घाटनाला सत्यजित राय होते, आजही तिथे माफक तिकिटात सिनेमा बघता येतो आणि संध्याकाळी आवारात नुसती गप्पा मारायला आलेली माणसंसुद्धा असतात. केरळात सरकारच्या चित्रपट महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत, तिरुवनंतपुरमला कैरळी-श्री-निळा, डिसेंबरच्या महोत्सवात तिथे रांगा लागतात आणि एरवी वर्षभर ती साधी थिएटरं म्हणून चालतात. आपल्या राज्याने गोरेगावला चित्रनगरी केली, कोल्हापूरला केली, म्हणजे सिनेमा तयार करायची सोय सरकारी खर्चाने झाली. आता बघायची पण करा.

त्यासाठी पुण्यात नवीन काही बांधायची सुद्धा गरज नाही. महापालिकेची नाट्यगृहं आणि सभागृहं मोजा. बालगंधर्व 1968 पासून. कोथरूडला यशवंतराव चव्हाण. पद्मावतीला अण्णाभाऊ साठे. औंधला भीमसेन जोशी कलामंदिर. हडपसरला विठ्ठल तुपे. वानवडीला महात्मा फुले सांस्कृतिक भवन. शनिवार-रविवार नाटकवाल्यांचे, त्यांना तारखा मिळताना किती मारामार होते ते मला माहीत आहे, त्यांच्या एका तारखेलाही धक्का लागता कामा नये. पण आडवारी दुपारी यातली बरीच रिकामी असतात. तिथले दिवे, खुर्च्या, एसी, चौकीदार सगळं आधीच आपल्या करातून चाललेलं आहे.

आमचं मागणं सरळ आहे.

महापालिकेच्या एका सभागृहात, शक्यतो हडपसर किंवा पद्मावतीच्या बाजूला, आठवड्यातला एक ठरलेला दिवस सिनेमाचा करा. मंगळवार म्हणा, बुधवार म्हणा, पण ठरलेला, म्हणजे कॅलेंडर न बघता लोकांना माहीत पाहिजे की आज सिनेमा आहे. एक शो दुपारचा, ज्येष्ठांसाठी आणि घरच्या बायकांसाठी, एक संध्याकाळचा, कामावरून येणाऱ्यांसाठी. तिकीट पन्नास रुपये. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना फुकट. तिथे चांगला डिजिटल प्रोजेक्टर, नीट पडदा आणि नीट आवाज एकदाच बसवा, भाड्याचा नको. परभाषेतल्या सिनेमाला मराठी सबटायटल करून घ्या, फिल्म इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठातली मुलं हे काम आनंदाने करतील, त्यांना मानधन द्या.

कुठला सिनेमा लावायचा हे राजकीय माणसांनी ठरवू नका, हे मी हात जोडून सांगते. संग्रहालयातले, इन्स्टिट्यूटमधले, फिल्म सोसायट्यांमधले पाच-सात जाणकार आणि त्यात दोन साधे प्रेक्षक असा गट करा, दर तीन महिन्यांचं वेळापत्रक आधी जाहीर करा. उद्घाटनाला या, पहिल्या रांगेत बसा, सिनेमा पूर्ण बघा, पण मध्ये सत्कार नको.

सिनेमे कुठून आणायचे म्हणाल तर आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो, म्हणजे तीस, चाळीस, पन्नासच्या दशकांतले सिनेमे हक्कांच्या दृष्टीने बरेच सोपे झालेत. खरी अडचण चांगल्या कॉपीची आहे. बऱ्याच जुन्या मराठी सिनेमांची थिएटरात चालेल अशी डिजिटल कॉपीच नाही. त्यासाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने दरवर्षी काही ठरावीक मराठी सिनेमे संग्रहालयाकडून स्वच्छ करून घ्यायला पैसे द्यावेत, आमदारांनी हे विधानसभेत मागावं, आणि त्यांचा पहिला शो पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात लागावा. खासदारांनी दिल्लीत एवढं मांडावं की विलीनीकरणानंतर पुण्याच्या संग्रहालयाला माणसं आणि निधी कमी पडू नये आणि तिथले खेळ सामान्य पुणेकराला आगाऊ कळावेत.

जी सिंगल स्क्रीन अजून तग धरून आहेत त्यांना मिळकत करात सूट द्या, पण अटीवर. आठवड्यातून एक मॅटिनी जुन्या सिनेमाची, शंभरच्या आत. मालकाला आधार, लोकांना सिनेमा. अट पाळली नाही तर सूट बंद. जिथे थिएटर पाडून इमारत होतेय तिथे छोटं का होईना थिएटर ठेवणं बंधनकारक करा, दीडशे खुर्च्यांचं चालेल, आणि पत्र्यावर बांधकाम परवान्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा की इथे थिएटर होणार आहे आणि या तारखेपर्यंत. मंडईला मेट्रो स्टेशनच्या बाहेर आर्यनची पाटी लावा, एका फोटोसकट. त्याला फारसा खर्च नाही, पुढच्या महिन्यात होण्यासारखं काम आहे.

शंभर-दीडशे खुर्च्यांच्या आतल्या, नफा न कमावणाऱ्या खेळांसाठी एक अर्ज, एक खिडकी आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर, असं करा. वाचनालयं, महिला मंडळं, गणेश मंडळं, शाळा, वस्तीतली समाजमंदिरं हे सगळे सिनेमा दाखवू शकतात. गणेश मंडळांनी पूर्वी रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवलेच आहेत की, दोन्ही बाजूंनी लोक बसायचे, मागच्यांना अक्षरं उलटी दिसायची तरी हलायचे नाहीत. आणि संध्याकाळच्या शोच्या दिवशी त्या भागातली शेवटची पीएमपी बस सिनेमा सुटल्यावर सुटेल एवढं बघा.

यातलं काय होईल, काय होणार नाही आणि का, हे तुमच्या-तुमच्या प्रभागात, मतदारसंघात लोकांसमोर सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, कारण सांगा. आमचा ग्रुप, शहरातल्या फिल्म सोसायट्या, इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून इथेच राहिलेले लोक, कितीतरी जण वेळापत्रक बनवणं, तिकीट फाडणं, शाळांतून मुलं आणणं, सिनेमाआधी पाच मिनिटं माहिती सांगणं यासाठी फुकट काम करायला तयार आहेत. येत्या अंदाजपत्रकात या कामाला वेगळी तरतूद दाखवा. ती आहे की नाही हे आम्ही अंदाजपत्रकाच्या पुस्तकात शोधणार आहोत, आणि नसेल तर तुमच्या कार्यालयात येऊन भेटणार आहोत.

आपली,
पेठेतली एक प्रेक्षक